दोन ते पाच, दहा आणि अकरा

६ जून, गुरुवार. रक्कम अठ्ठेचाळीस हजार रुपये. हजर तिघे: मी, आमचे मॅनेजर आणि कंत्राटावर काम करणारी एक सहकारी, वय सत्तावीस. तिच्या प्रोग्रामची चाचणी पास झाली असती तर ही रक्कम तिला इन्सेंटिव्ह म्हणून मिळणार होती आणि तीस जूनला संपणारं तिचं कंत्राट वर्षभर वाढणार होतं. चाचणी नापास झाली. चूक माझी होती आणि ठपका तिच्यावर आला.

आमचं ऑफिस लोअर परळला आहे, मी लालबागहून चालत जातो. नेटवर्कवरून माहिती लहान तुकड्यांत येते, त्यांना पॅकेट म्हणतात. सेकंदाला लाखो पॅकेटं आली तरी एकही सुटू नये, असे प्रोग्राम आम्ही बनवतो. माझा प्रोग्राम पॅकेटं उचलून चाळतो, तिचा त्यांची नोंद ठेवतो. दोन्ही एकाच मशीनवर चालतात. सुरू करताना एक लांबलचक कमांड द्यावी लागते: मेमरी किती घ्यायची, नेटवर्क कार्ड कुठलं, प्रोसेसरचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, कुठले. हे प्रोग्राम हाती आलेला कोअर क्षणभरही मोकळा सोडत नाहीत. म्हणून कोअरची वाटणी काटेकोर लागते. ती गेली नऊ वर्षं मीच करतो.

माझ्या कमांडमध्ये मी लिहिलं `-l 2-5`, म्हणजे कोअर दोन ते पाच. तिच्यासाठी `-l 10,11`. कागदावर कोणी कोणाच्या वाटेत नव्हतं. पण मशीन नवं होतं. जुन्यावर सोळा नंबर म्हणजे सोळा कोअर. नव्यावरही नंबर सोळाच दिसत होते, कोअर मात्र आठ, एकेकाला दोन नंबर. खोली एक आणि दारं दोन, तशातला प्रकार. दोन आणि दहा एकच, तीन आणि अकरा एकच. म्हणजे तिला दिलेल्या दोन्ही खोल्यांत मी आधीच बसलेलो होतो. चालत असलेल्या कमांडला हात लावायचा नाही, या सवयीने मी जुन्या वहीतले आकडे तसेच उतरवले होते. नवं मशीन आलं की आधी जोड्या तपासा, हा टीमचा नियमही माझ्याच हातचा.

चाचणीत तिच्या नोंदीतून शंभरामागे तीन पॅकेटं गळत होती.

"कोड हळू आहे तुझा," मॅनेजर म्हणाले.

"माझ्या मशीनवर एकही गळत नाही, सर."

"मग तुझं मशीनच पाठवू या क्लायंटला."

मीही हसलो.

शनिवारी सकाळी घरून मशीनला जोडून घेतलं आणि जोड्या काढल्या. दोन मिनिटांचं काम. पडद्यावर दोन-दहा, तीन-अकरा वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. पुढच्या चाचणीला तिचे नंबर गुपचूप बदलायचे, सगळं सुरळीत होईल, कोणी विचारणार नाही, असं ठरवलं. पुढची चाचणी कधी, हे तोवर ठरलेलं नव्हतं.

सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली. बाकीचे मला सर म्हणतात, ती काका म्हणायची.

"काका, एकदा माझी कमांड बघता का? मला काही सापडत नाहीये."

मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली. मेमरी बरोबर, कार्ड बरोबर. दहा, अकरा.

"तू टाइप करताना काही चुकलेली नाहीस," मी म्हणालो. वाक्य खरं होतं.

"म्हणजे मीच ढ," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर तिने चांगला चालणारा कोड उसवून पुन्हा लिहायला घेतला. रविवारीही आली. मधल्या एका दिवशी तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तिने मामाला पाठवलं. शेजारच्या टेबलावरून फोन ऐकू यायचा, "ड्रॉप घातलेस का गं? मामाला दे बघू फोन." मी माझ्या पडद्याकडे बघत राहायचो.

अठरा तारखेला जेवताना बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"भाजीवाल्याने पाच रुपये जास्त परत केले तर तुम्ही तीन मजले उतरून देऊन येता. आणि त्या पोरीला हे एक वाक्य सांगवत नाही?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये, तिला बोलावून, सांगितलं.

"कधी कळलं तुम्हाला?" मॅनेजरांनी विचारलं.

"आठ तारखेला."

"अकरा दिवस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

तिला सहा आणि सात हे मोकळे नंबर दिले आणि तिचा सहा जूनचाच, न बदललेला कोड तासभर चालवला. एकही पॅकेट गळलं नाही. कंत्राट वाढलं. मला मॅनेजर काही बोलले नाहीत, वाटणी मात्र आता दोघांनी तपासायची असा नियम केला.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, "माझा इन्सेंटिव्ह तू घे."

"नको, सर. माझे मला मिळतील. अकरा दिवसांचा भाव तुम्ही काय लावणार?" बॅग उचलता उचलता तिने विचार केला. "उशिरा थांबले तेव्हा अँटॉप हिलपर्यंत टॅक्सी केली होती. तेवढे द्या. पावत्या पाठवते."

नऊ पावत्या आल्या. मी दोनदा बेरीज केली. जुलैच्या पगारात कंपनीने तिला अठ्ठेचाळीस हजार दिले. टॅक्सीचे दोन हजार तीनशे दहा मी तिला पावत्या आल्या त्याच दिवशी पाठवले होते.