आधाराशिवाय बसता येतं का?

बीरगांवच्या त्या खोलीत मी शिरले तेव्हा मुलगी खुर्चीवर ताठ बसली होती. केसांना तेल, डोळ्यांत काजळ, नवा फ्रॉक. बाप सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्युटीवर. विशेष काळजी लागणाऱ्या मुलांना काय काय हवं, हे विचारत मी तेव्हा एका सर्वेक्षणासाठी रायपूरच्या वस्त्यांतून फिरत होते.

"पट्ट्यावाली, चाकांची खुर्ची भेटते म्हणे अशा पोरांले," आईने आधीच सांगून टाकलं. "तेवढी भेटली पाहिजे दीदी."

मी फॉर्मवरचे प्रश्न वाचायला लागले. "आधाराशिवाय बसता येतं?"

"हव, पहा न, बसूनच तर राहिली."

"हाताने जेवते?"

"जेवते न."

मुलगी एकेक अक्षर ओढत म्हणाली, "नमस्ते मॅडम."

आई हसली. "सकाळपासून घोकून राहिली. नाटकी पोट्टी!"

तेवढ्यात मुलगी एका बाजूला कलली आणि फ्रॉकच्या चुण्यांत लपवलेला दुपट्टा दिसला. तिला खुर्चीच्या पाठीला करकचून बांधलं होतं.

"हे काहून बांधलं?" माझ्याही तोंडून घरचीच बोली निघाली.

"मागं एक मॅडम आल्या होत्या. म्हणे, हिले काहीच येत नाही. गेल्या त्या गेल्याच. म्हटलं, या खेपेले पोरीले पास करूनच दाखवाव."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. शाळेत फी माफ झाली, वसतिगृह मिळालं, ही नोकरी लागली, ते सगळं पास होत गेले म्हणून. त्या शाळेचे उपकार मी विसरत नाही. पण काही मिळवण्याचा दुसरा रस्ता मलाही कधी दिसला नव्हता.

"वहिनी, इथं उलटं आहे. जे येत नाही, तेच सांगायचं."

"हिच्यासमोर?"

मुलीला सगळं समजत होतं. दुसरी खोली नव्हती. गाठ सोडून आम्ही दोघींनी बोलायला बाहेर जावं तर ती पडली असती, आणि बांधलेली ठेवून जायला आई तयार नव्हती. शेवटी तिने दुपट्टा सोडला, मुलीला मांडीवर घेतलं आणि पदराने तिचे कान झाकले. मी पहिल्यापासून विचारत गेले. बसते? नाही. जेवते? नाही. उभी राहते? नाही. प्रत्येक वेळी आईचा आवाज आणखी खाली जात होता.

पदराआडून मुलगी म्हणाली, "मम्मी, मैं तो बैठी थी न?"

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"आता तरी भेटन न खुर्ची?"

फॉर्म भरल्यावर कुणाला काय मिळणार, ते मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.