खांबाआडचा खलाशी

रत्नागिरीच्या जुन्या नाटकगृहातला मधला फणसाचा खांब मी उभा केला. शाळा मला फार झाली नाही, पण खांब सरळ उभा करायला शाळा लागत नाही. त्याच्याआडून रंगमंच दिसत नसे, म्हणून तिथे कोणी बसत नसे. बसे तो एक खलाशी. गलबत बंदराला लागलं की यायचा, खांबाला पाठ टेकून, डोळे मिटून पदं ऐकायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा म्हटलं, "पुढे बस की, दिसेल तरी."

"राजाच्या मिशा बघायला नाय येत मी," तो म्हणाला.

पुढे बोलपट आले. नाटकगृहाचे मालक शेठ म्हणाले, "मिस्त्री, खांब पडद्यासमोर येतो, काढून टाका."

"छप्पर खाली येईल. मी हात लावणार नाही."

शेठनी दुसरा सुतार आणला. तो करवत लावणार, तेवढ्यात पुढल्या खेळाची चौकशी करायला आलेला खलाशी खांबाला टेकून उभा राहिला.

"शेठ, समोरचा दिसत नाय म्हणून डोलकाठी कोण तोडतो काय?"

शेठ हसले. करवत परत गेली.

खलाशी पुढे दिसला नाही. खांब आहे. त्याची पाठ टेकायची तिथे लाकूड गुळगुळीत झालंय. माझ्या रंध्याने तितकं झालं नव्हतं.