अकरा नंबरची पाटी

आमचं कॉलेज फुटबॉलमध्ये हरायचं आणि हरलं की आम्ही प्रशिक्षकाला शिव्या घालायचो. चार वर्षं हा क्रम चुकला नाही. छावणीतल्या मैदानाच्या कडेला तीन दगडी पायऱ्या आहेत, तिथं आमचा दरबार भरायचा. एक वकीलसाहेब होते, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, त्यांच्या काळात याच कॉलेजचे गोलकीपर. दुसरा कूलर दुरुस्त करणारा भाई. तो या कॉलेजात कधी शिकला नव्हता, पण लहानपणापासून भिंतीवर बसून एकेक मॅच बघत आला होता. तिसरा मी, याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. मी बजाजनगरात राहतो, वाळूजच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. पहिली पाळी सुटली की घरी न जाता मोटारसायकल थेट छावणीकडं वळवायची, अशी माझी खोड.

मी पायऱ्यांवर बसायचो हे अर्धंच खरं. टेबल माझ्याकडं होतं. टेबल म्हणजे मैदानाच्या कडेला मांडलेलं मोडकं मेज, त्यावर गोल आणि कार्डं टिपायची वही, आणि पाटी. परातीएवढ्या प्लायवूडला काळा रंग दिलेला, तीच आमची पाटी. खेळाडू बदलायचा असला की प्रशिक्षक चिठ्ठी लिहून राखीव पोराच्या हाती टेबलाकडं पाठवतो. टेबलवाला बाहेर येणाऱ्याचा नंबर खडूनं इंग्रजी आकड्यात पाटीवर लिहितो आणि बॉल बाहेर गेला की पाटी उंच धरतो. पंच शिट्टी मारतात, तो खेळाडू बाहेर येतो. पाटी दिसल्याशिवाय कोणी मैदान सोडायचं नाही, हा इथला रिवाज. हे काम कोणालाच नको असायचं म्हणून माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. पाटी वर केली की सगळं मैदान क्षणभर माझ्याकडं बघायचं.

आता सरांबद्दल. सगळे त्यांना सरच म्हणायचे. किडकिडीत अंगाचे, डोक्यावर टोपी, खिशात छोटी वही. दुसऱ्या संघांचे प्रशिक्षक घसा बसेपर्यंत ओरडायचे. आमचे सर मैदानाच्या पलीकडच्या बाजूला हाताची घडी घालून उभे, एसटीची वाट बघत असल्यासारखे. आमच्यावर गोल झाला तरी घडी सुटायची नाही. ते माझ्या अगदी डोक्यात जायचं. हरा, पण निदान दोन शिव्या तरी हासडा, असं मला वाटायचं.

त्या वर्षी मात्र आमच्याकडं अकरा नंबर होता. गंगापूरच्या पुढच्या एका खेड्यातला पोरगा, घर मेंढपाळांचं. वडील अजून वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं हिंडायचे. पोराला खेळावर वसतिगृहात जागा मिळाली होती. धावणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बॉल पायात आला की तो मान खाली घालून निघायचा आणि समोरचे दोघं तिघं नुसते वळून बघत राहायचे. पहाटे तो छावणीच्या रस्त्यावर वेगळा पळायचा, पोलीस भरतीसाठी. भरतीच्या मैदानी चाचणीला पोरं ग्राऊंड म्हणतात. त्याचं ग्राऊंड फेब्रुवारीत होतं आणि त्यासाठीच तो शहरात आला होता. फुटबॉल हे त्याचं इथलं भाडं होतं म्हणा.

आणि या पोराला सर दर मॅचला पस्तीस मिनिटांच्या दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला बाहेर काढायचे. एका गोलनं पुढं असू, तरी चिठ्ठी यायची. मी पाटी वर करायचो, तो बाहेर यायचा आणि उरलेल्या पंचवीस मिनिटांत आमचं वाटोळं व्हायचं. असं एकदा नाही, पाच वेळा झालं. बाकीच्या मॅच पहिल्या हाफमधल्या त्याच्या गोलांवर निभावल्या, म्हणून कसेबसे साखळीतून उपांत्य फेरीत पोचलो.

भाई म्हणायचा, "ये मास्टर को कुछ समजताच नै. चलती गाडी का चक्का निकालता."

वकीलसाहेबांचा पारा शांतपणे चढायचा. "हा अडाणीपणा नाही," ते म्हणायचे, "हा हेतू आहे." त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कागद लिहिण्याचं काम. त्यांनी प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहिला, त्यात मुद्दे पाडले, आणि खाली पहिली सही माझी घेतली. मी तीन ठिकाणी सही केली. प्राचार्यांनी सांगितलं, उपांत्य सामना बघू, हरले तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस आणू. हे सरांच्याही कानावर गेलं होतं.

आम्हाला जे माहीत नव्हतं ते इथंच सांगून टाकतो, कारण ते लपवून गोष्ट रंगवण्याची माझी इच्छा नाही. पोराचा उजवा गुडघा आतून अर्धा फाटलेला होता. डॉक्टरांनी सरांना बजावलं होतं की पूर्ण खेळवलात तर पाय जाईल. खेळलाच नाही तर वसतिगृहाची जागा जाणार, आणि जागा गेली की ग्राऊंडची तयारी गेली. म्हणून सरांनी मधला मार्ग काढला होता, अर्धा खेळ आणि वर दहा मिनिटं. गुडघ्याचं कोणाला सांगू नका, अशी पोरानंच गळ घातली होती. सर आमच्या शिव्या खात राहिले आणि गप्प बसले.

माहीत नव्हतं असं म्हणालो खरं, पण दिसत होतं. उपांत्य सामन्याच्या आठवडाभर आधी मी त्याला वसतिगृहाच्या जिन्यावरून उतरताना बघितलं. आडवा होऊन, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होता. मी खालून हाक मारली, "काय रे, आत्ताच म्हातारा झालास का?"

तो हसला. "नाय काका, जरा आखडलंय. ग्राऊंडपस्तोर व्हतंय नीट."

मी कंपनीत दिवसभर लोखंडातल्या केसाएवढ्या चिरा शोधतो. त्या दिवशी समोरची चीर बघूनही मी हसलो आणि गाडीला किक मारली.

सामन्याच्या दिवशी जानेवारीतलं पांढुरकं ऊन होतं आणि वारा सुटला होता. मैदानातली माती उडून वहीच्या पानांवर बसत होती, मी फुंकर मारायचो आणि ती परत यायची. मॅच सुरू होता होता कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ एक माणूस येऊन जमिनीवर बसला. पागोटं, धोतर, मांडीवर काठी आडवी. आमच्या मैदानावर असा माणूस सहसा येत नाही. थोड्या वेळानं मला जाणवलं की तो मॅच बघतच नाही. बॉल इकडं जावो की तिकडं, त्याचं तोंड माझ्याकडं. मी खाली बघून वही लिहायचो, मान वर केली की तो तसाच बघत असायचा. मला चमत्कारिक वाटायला लागलं. मी भाईला म्हणालो, "तो बघ, माझ्याकडंच टक लावून बसलाय." भाई म्हणाला, "तेरे पास क्या देखने का है?"

पहिल्या हाफमध्ये अकरा नंबरनं गोल केला. पायऱ्या पेटल्या. हाफटाइमला पोरं पाणी प्यायला बसली तेव्हा हा एकटा उभाच राहिला. बसलं तर उठता येणार नाही हे त्याला माहीत असावं. कोपऱ्यातल्या माणसानं तेवढ्यापुरती मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा माझ्याकडं.

दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला सतरा नंबरचा राखीव पोरगा चिठ्ठी घेऊन आला. सरांचं अक्षर बारीक आणि नेटकं: अकरा बाहेर, सतरा आत, खाली मिनिट. मिनिट लिहायची त्यांची सवयच होती.

मी चिठ्ठी वहीखाली सरकवली.

ठरवून केलं का, असं मला मी पुष्कळदा विचारलं आहे. ठरवूनच केलं. सतरा नंबरला म्हणालो, "जा, तोवर मागं पळून अंग गरम कर, मी बोलावतो." मागून भाई हळूच बोलला, "रैन दे यार, दस मिनट. क्या होता." वकीलसाहेब काहीच बोलले नाहीत. आपण काहीच बोललो नव्हतो, याची त्यांनी मला पुढं दोनदा आठवण करून दिली.

बॉल एकदा बाहेर गेला. मी खडू शोधत बसलो, खडू समोरच होता. बॉल दुसऱ्यांदा बाहेर गेला, मी वहीत काहीतरी गिरवलं. पलीकडं सरांच्या हाताची घडी सुटलेली दिसली. ते हात वर करून हवेत गोल फिरवत होते. मी ऊन डोळ्यांवर आल्यासारखं केलं.

तिसऱ्यांदा बॉल अगदी टेबलासमोर बाहेर आला आणि तो फेकायला अकरा नंबरच आला. जवळून बघितलं तर चेहरा राखेसारखा झाला होता आणि उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. बॉल उचलताना त्यानं विचारलं, "काका, माझी चिठ्ठी आली का?"

मी म्हणालो, "नाही अजून."

त्यानं मान हलवली आणि बॉल फेकला.

सर आता मैदानाला वळसा घालून टेबलाकडं पळत येत होते. त्यांना पळताना मी पहिल्यांदा बघत होतो. गोलच्या मागून येता येता ते ओरडले, "पाटी! अरे, पाटी वर कर!" चार वर्षं ज्या आवाजासाठी आम्ही तडफडलो होतो तो निघाला, आणि तो माझ्यावर निघाला होता. मी खडू हातात घेतला.

मैदानात अकरा नंबर बॉल घेऊन वळला. त्याला कोणी धडकलं नाही, कोणी पाय घातला नाही. तो नुसता वळला आणि खाली बसला. दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि तोंड उघडं राहिलं, आवाज आला नाही. आणि मी काय केलं असेल? मी पाटीवर अकरा लिहिलं आणि पाटी वर धरली. पंच, सर, पोरं, सगळे त्याच्याकडं धावत होते. पाटीकडं बघायला कोणी उरलं नव्हतं, तरी मी ती धरून उभा राहिलो.

ती मॅच आम्ही जिंकलो. इतक्या वर्षांनी अंतिम सामना. पायऱ्यांवर पोरं नाचली, भाई नाचला नाही एवढं मात्र खरं.

पुढचं थोडक्यात सांगतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फेब्रुवारीत ग्राऊंड झालं, तो गेला नाही. उन्हाळ्यात कुबड्या सुटल्या आणि तो गावी परतला, आता चालतो, पळत नाही. सरांनी स्वतःच काम सोडलं, अर्जाची गरज पडली नाही. त्यांनी माझं नाव कोणाजवळ काढलं नाही. चिठ्ठीवर मिनिट लिहिलेलं होतं, वहीत दुखापतीचं मिनिट माझ्याच हातानं टिपलेलं होतं, दोन्हींत नऊ मिनिटांचं अंतर होतं. त्यांनी ती चिठ्ठी मागितली असती तर मी दिली असती, असं मी स्वतःला सांगतो. त्यांनी मागितली नाही. ती अजून माझ्या पाकिटात आहे.

पण मला खातं ते हे नाही. त्या दिवशी पोराला रिक्षात घातल्यावर त्याची पिशवी टेबलाखाली राहिली होती. ती न्यायला कोपऱ्यातला तो माणूस आला. जवळ आल्यावर नाकाडोळ्यांवरून ओळख पटली, बाप होता. मी पिशवी काढून दिली. मला वाटलं, आता हा काठी उगारेल, आणि उगारावी असंही वाटलं.

तो पाटीकडं बघत होता. अकरा अजून पुसलं नव्हतं.

"मला काय वाचता येत नाय," तो म्हणाला. "सर म्हणले व्हते, पाटीवर दोन काठ्या दिसल्या की तुमचं पोरगं भाईर येतंय, मंग काय घोर नाय. म्हून म्या खेळ बघितलाच नाय. पाटीकडंच बघत बसलो व्हतो."

मी तळहातानं अकरा पुसायला लागलो.

"त्यो खाली बसल्यावर दिसली मला पाटी," तो म्हणाला. "पर तुमी त्याच्या आधी बी दावली असंल. माझीच नजर चुकली असंल साहेब, डोळ्यात लई धूळ जात व्हती. व्हय ना?"

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तो पिशवी छातीशी धरून उत्तरासाठी थांबला होता.

मी म्हणालो, "व्हय."