गुलाबमामांची पुडी

पुडी हातात देण्याआधी गुलाबमामा त्यातली चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "पह्यले मी, मंग तू." समोरच्या बाईच्या मनात काही शंका असलीच, तर ती तिथेच विरघळायची. माझीही विरघळली होती.

ते माझे सख्खे मामा नव्हते. आईचं माहेर रामाकोन्याचं आणि तेही तिथलेच, म्हणून आई त्यांना दादा म्हणायची. मोहगावात आमच्या घरापासून चार घरं सोडून त्यांचं घर. पांढरा सदरा, सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तपकिरी चूर्णाच्या पुड्या. गुडघे, कंबर, मान, सगळ्यांना तीच पुडी. "इंग्रजी गोळी म्हंजे आग आहे वं पोरी. आपला झाडपाला म्हंजे सावली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माणूस मात्र मायेचा. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आठ दिवस मामा आमच्या ओसरीवर झोपले. वडिलांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, सगळं त्यांनी केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. अशा माणसाच्या पुडीत काय आहे, हे कोण विचारणार?

आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. गुडघे गेलेच होते. मामांनी पुडी सुरू केली. "सकाळी उपाशीपोटी, कोमट पाण्यासंगं." चौथ्या दिवशी आई भिंतीचा आधार न घेता उठली. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहाराच्या पायऱ्या ती एकटी चढली, आणि वर उभी राहून माझ्याकडे पाहून हसली. मी गावची आशा कार्यकर्ती. बायका गुडघे धरून माझ्याकडे यायच्या. औषधं कशी घ्यायची हे मी घरोघर सांगायची, आणि पुढे हळूच जोडायची, "गुलाबमामाले एकदा दाखवून पाहा."

दोन वर्षं अशी गेली. मग आई अंगणात घसरून पडली. सौंसरच्या डॉक्टरांनी दुखणं आणि सूज या दोन्हींवर मिळून एकच गोळी लिहून दिली. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावरच. "दुसरी कोणती दुखण्याची गोळी चालू आहे का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. पुडी ही काही गोळी नव्हती.

तरी घरी परतताना मी मामांच्या दारात थांबले. "मामा, डॉक्टरनं हे गोळी देल्ली. पुडी बंद करू काय पाच दिवस?"

त्यांनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, उलटून पाहिली. जरा वेळच लागला त्यांना. मग पट्टी परत देत म्हणाले, "काहून बंद करतं? दोन्ही चालू ठेव. झाडपाला कोनाशी भांडत नाही."

चौथ्या दिवशी सकाळी आईला चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली. सौंसरहून आम्हाला नागपूरला पाठवलं. पोटातून रक्त जात होतं, मूत्रपिंडंही थकली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी पिशवीतली पुडी काढून दिली. त्यांनी चूर्ण पांढऱ्या कागदावर पसरलं आणि पेनाच्या टोकानं काही बारीक कपचे बाजूला सारले. पातळ, फिकट नारिंगी. "ही कोणत्या झाडाची साल?"

तो रंग मला ओळखू आला. आईच्या गोळीवरचं आवरण तसंच होतं.

"नक्की काय ते तपासणीत कळेल," बाई म्हणाल्या, "पण माझ्या मते यात दुखण्याचीच गोळी कुटलेली आहे. म्हणजे दोन वर्षं रोज, तीही उपाशीपोटी. आणि हे चार दिवस त्यावर आणखी तसलीच." तपासणीत तेच निघालं.

आई जरा सावरल्यावर मी मोहगावला आले ती थेट मामांकडे. ते अंगणात लसूण सोलत बसले होते.

"मामा, पुडीत काय हाये?"

त्यांनी मान वर केली नाही. "पह्यले झाडपालाच होता वं. खरं सांगतो. पन त्यानं कोनी लवकर उभं नाही होत. तुही माय रडून राहिली होती. मले पाहवलं नाही."

"आन् मी पट्टी घेऊन आली होती तवा? तुमाले त गोळी ओळखू आली होती ना?"

त्यांनी सोललेलीच पाकळी पुन्हा सोलायला घेतली. "तवा सांगतलं असतं, त दोन वर्साचं सांगा लागलं असतं."

मी पुडीच्या नमुन्यासकट आरोग्य खात्याच्या साहेबांकडे लेखी तक्रार दिली. मग घरोघर फिरून बायकांना सांगितलं, पुडी थांबवा, तपासणी करून घ्या. काहींनी उरलेल्या पुड्या काढून दिल्या, काहींनी दार लावलं. एक म्हणाली, "तूच त पाठवलं होतं आमाले." मामांनी मला फसवलं होतं, पण त्या बायकांपुढे मामांची ग्वाही मीच दिली होती.

चौकशी लागली आणि मामांनी पांढुर्ण्याला लेकीकडे जायचं ठरवलं. जाण्याच्या दिवशी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. आई आता घरी आली होती, पण काठीशिवाय उठत नव्हती, आणि पाणीसुद्धा मोजून प्यायची. मी त्यांना आत या म्हटलं नाही.

"बाई, मी जाऊन राहिलो," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "माफ करजो."

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "दादा, गोळी हाये म्हनून सांगतलं असतं, तरी मी खाल्ली असती. तुह्या हातची होती. फक्त जेवून खाल्ली असती, डॉक्टरले सांगून खाल्ली असती. मले सांगतलं काहून नाही?"

मामांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग वळून रस्त्याला लागले. आई दाराकडे पाहत म्हणाली, "पाहाय, अजूनही सांगून नाही राहिला."