किशोरीने केलेली उजेडाची वाटणी

सुकापूरला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये किशोरी राहायला आली ती २०११ साली. माहेर उरणच्या कोळीवाड्यातलं, नवरा प्रणित बंदरात नोकरीला आणि सोबत सासू ठमाबाई. किशोरी पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची, जोडीला पीएचडी करायची. तिच्या हॉलमधला कॉम्प्युटर सतत चालू.

"काय करत असतो गं हा दिवसभर?" मी एकदा विचारलंच.

आता म्हणे चिपवर विजेऐवजी उजेडही खेळवतात, केसाहून बारीक वाटांमधून. एका वाटेने आलेला उजेड दोन वाटांत निम्मा निम्मा करायचा तर मध्ये एक जोड लागतो. माणसं तो इंग्रजी वायसारखा काढतात, पण फाट्यावर बराच उजेड सांडतो. किशोरी आकार स्वतः काढतच नव्हती. कॉम्प्युटर वाटेल तसे ढीगभर आकार काढायचा, प्रत्येकाला गुण मिळायचे. नापास बाद. पास झालेल्यांची आपसांत सरमिसळ करून, मध्येच एखादा कोपरा उगाच बदलून, पुढची पिढी तयार.

"वालाचं चांगलं बी आपण पेरायला ठेवतो ना काकू, तसंच."

आतून ठमाबाई ओरडल्या, "त्या डब्यात पिढ्यांवर पिढ्या वाढवतंय, आन् घरात एक पाळना हालत नाय!"

"त्या पिढ्यांची दुपटी धुवावी लागत नाहीत, आई," किशोरीने हसत परतवलं.

बऱ्याच कॉलेजांच्या चिपा एकाच तबकडीवर परदेशातून बनवून येतात. तिच्या पीएचडीच्या गाइडना, उदयसिंह सरांना, त्यात एका जोडापुरती जागा मिळाली होती. किशोरीचा आकार वेळेत झाला नाही तर तिथे सरांचा जुना वाय जाणार, आणि हिची पीएचडी वर्षभर लटकणार.

एके दुपारी ती धावत मला बोलवायला आली. गुण जवळजवळ पैकीच्या पैकी! सरांना 'जमलं' असा मेसेजही करून झाला होता.

"हे बघा काकू, डाव्या वाटेत बारा टक्के, उजव्या वाटेतही बारा. अगदी स..." बोलता बोलता ती थांबली. "अरे देवा. बाकीचा उजेड कुठे गेला?"

तिने गुण ठेवले होते ते फक्त दोन्हीकडे सारखं पडण्याला. एकूण पोचतं किती, याला गुणच नव्हते. मग कॉम्प्युटरने सोपी वाट काढली होती, बहुतेक उजेड सांडून टाकायचा आणि उरलेला नीट वाटायचा.

"मी मागितलं तेच दिलंय त्याने," ती कपाळाला हात लावून म्हणाली.

सर फोनवर रागावले नाहीत. "सोमवारी फाइल जाणार. नाहीतर वाय आहेच," एवढंच म्हणाले.

किशोरीने गुणांचे नियम बदलले. किती पोचतो तेही मोजायचं. शिवाय कारखान्यात कडा कधी जाड पडतात, कधी बारीक. तेव्हा प्रत्येक आकार दोन्ही तऱ्हांनी तपासायचा आणि जिथे सर्वांत वाईट वागेल तिथलेच गुण धरायचे. काम फार हळू झालं. त्यात भारनियमन. वीज गेली की ठमाबाई इन्व्हर्टरवरचा पंखा बंद करून माझ्याकडे येऊन बसायच्या. "चालू दे तिचा डबा. आमी इथं बसतो."

रविवारी निघालेला आकार चेचलेल्या बटाट्यासारखा होता.

"हा का चालतो?" सरांनी फोनवर विचारलं.

"ते मलाही सांगता येत नाही, सर. पण कडा कशाही पडल्या तरी चालतो. वाय तेवढा टिकत नाही."

सरांनी तो आकार पुन्हा एकदा उघडून पाहिला. मग, "पाठव."

चिप आली ती दिवाळीनंतर. मोजलं तर दोन्ही वाटांत प्रत्येकी साधारण पंचेचाळीस टक्के. एकीकडे किंचित कमी, पण सरांच्या आधीच्या वायपेक्षा कितीतरी कमी सांडत होतं. सरांनी पुढच्या चिपमध्येही हाच जोड घ्यायचं ठरवलं. किशोरी पेढे आणि मायक्रोस्कोपमधला फोटो घेऊन घरी आली.

ठमाबाईंनी फोटो उलटासुलटा फिरवून पाहिला. "वाकडा हाय गो."

"आहेच वाकडा."

"ऱ्हाऊ दे. उद्या बाजारात माज्या मैतरनीला, भामाला दाखवते. सांगते, माज्या सुनेनं काढलाय."

"आई, मी नाही काढला. तो कॉम्प्युटरने..."

"गप. कोनी काढला ते मी सांगनार."