पुरवंत संगप्पाची जीभ

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. त्या ऑगस्टात गोलाईच्या मागच्या आमच्या पेठेनं जिल्ह्याचा वाढदिवस म्हणून सात दिवसांचा कला सप्ताह काढला. पेठेत सगळेच राहायचे, म्हणून वारही वाटून दिले होते. सोमवारी कव्वाली, मंगळवारी लमाण बायांचा नाच, बुधवारी भारूड, गुरुवारी भीमगीतं. शुक्रवार लिंगायतांचा. समितीचे अध्यक्ष मडिवाळप्पा शेठ, भुसार मालाचे आडते. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून फलक आणि प्रमाणपत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

शुक्रवारसाठी शेठनी देवणीकडच्या आपल्या मूळ गावाहून संगप्पाला बोलावलं. संगप्पा म्हणजे वीरभद्राचा पुरवंत. कमरेला घंटा, हातात तलवार, कपाळभर विभूती. संबळाच्या तालावर तो अर्धं कानडी, अर्धं मराठी वडप म्हणायचा. दक्षाचा यज्ञ वीरभद्रानं कसा मोडला, ती सगळी कथा त्यात असते. कथा रंगात आली की हातभर लांबीचं लोखंडी शस्त्र एका गालातून आत घालून तोंडातून बाहेर काढायचं. रक्ताचा थेंब येत नाही अशी ख्याती. त्याच्या घराची रीत मात्र कडक होती. वर्षातून एकदा, देवाच्या पालखीपुढं, पाच दिवस उपास धरून, अंघोळ करून ओल्या अंगानं. जीभ तर कधीच टोचायची नाही. वडप म्हणणारी जीभ देवाची, असं त्याच्या बापानं सांगून ठेवलेलं.

तो आणि त्याची बायको महादेवी गुरुवारीच एसटीनं आले. मी फलक रंगवत होतो तिथं येऊन बसले. मी विचारलं, "पालखी तर चैत्रात असते ना? मग आता कसं?"

संगप्पा म्हणाला, "गावात पाणी न्हाई गुरुजी. बाया दोन कोस जायल्यात. शेठ म्हनले, टँकरचे सायब सप्त्याला येनार हायेत, त्यांच्यासमोर कर. गावाचं नाव त्यांच्या कानावर पडंल. म्हून चार दिस झाले, उपास धरून राहिलो."

 महादेवीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि नवऱ्याच्या अंघोळीला पाणी कुठं मिळेल ते विचारलं. मी तिला नळाकडं पाठवलं. नळ कोरडा होता. त्याच दिवशी मैदानावर धूळ बसावी म्हणून समितीनं एक टँकर आणून शिंपडला. रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन पेठेतल्या बाया कडेला उभ्या राहून बघत होत्या. कुणीतरी मध्ये घुसून घागर लावली, तर स्वयंसेवकानं ती लाथेनं पाडली. संगप्पाला अंघोळीला शेवटी तांब्याभर पाणी मिळालं, तेही माझ्या घरचं.

शुक्रवारी पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. माणसं खचाखच बसली होती. संगप्पा वडप म्हणू लागला आणि पुढच्या रांगेतली पोरं गप्प झाली. मला कानडी येत नाही, पण तो आवाज पोटात उतरायचा. मग त्यानं शस्त्राच्या टोकाचं लिंबू काढलं, विभूती लावली आणि उजव्या गालातून ते पार केलं. रक्त आलं नाही. लोकांनी "हर हर" म्हणत हात जोडले. खरं म्हणजे त्या दिवसाचा कार्यक्रम तिथं संपायला हवा होता.

साहेब सात वाजता आले. शेठ धावत मंडपामागं आले. संगप्पा गालात विभूती दाबून बसला होता.

"संगप्पा, ऊठ. सायब आले. परत एकदा घाल."

"अप्पा, दोनदा न्हाई करत. रीत न्हाई."

"रीत मला शिकवतो का? तुझ्या गावासाठीच बोलावलं ना त्यांना? बाया घागरी घेऊन हिंडायल्यात त्या दिसत न्हाईत?"

महादेवी मध्ये पडली. "अप्पा, त्यांनी पाच दिस झाले कायबी खाल्लं न्हाई. हातपाय कापायलेत."

"तू गप ग," शेठ म्हणाले. "नवऱ्याला सांग, देव काय एकट्या तुमच्या घरचाच न्हाई."

संगप्पा उठला. यावेळी वडप त्यानं अर्धंच म्हटलं आणि डाव्या गालातून शस्त्र घातलं. रक्त आलं. हनुवटीवरून गळ्यावर उतरलं. साहेब शेजारच्या माणसाशी बोलत होते. ओरडा झाला तेव्हा त्यांनी वळून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं बटन दाबलं. फ्लॅश उडालाच नाही.

शेठ मंचावर चढले. माईक चालू होता, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्या मैदानानं ऐकलं. "फोटो आला न्हाई. सायबांबरोबर एक फोटो पायजे. दोन्ही गाल झाले, आता जीभ काढ."

लोक हसले. मीही मंडपामागून येऊन त्यांच्यात बसलो होतो. हसलो नाही, पण उठलोही नाही.

संगप्पानं मान हलवून नाही म्हटलं. मग मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बायांकडं त्यानं बघितलं. त्याच्या गावची त्यात कुणी नव्हती. साहेबांची खुर्ची त्याच्या शेजारी आणून ठेवली गेली. त्यानं जीभ बाहेर काढली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी धरली आणि पुसायचं राहून गेलेलं तेच शस्त्र वरून खाली घातलं. फ्लॅश उडाला. साहेब म्हणाले, "वा! काय ही आपली संस्कृती!"

रविवारी साहेबांच्याच हस्ते बक्षिसं झाली. संगप्पाला उत्तेजनार्थ. ते प्रमाणपत्र मीच लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. घ्यायला महादेवी आली, कारण तो तापानं फणफणून माझ्या ओसरीवर पडला होता. जीभ तोंडात मावत नव्हती. शेठकडं जीप मागायला मी गेलो, तर ते साहेबांना पोचवायला निघाले होते. म्हणाले, "विभूती लावली म्हंजे दोन दिसात बरं होतंय त्यांचं."

महादेवी त्याला एसटीनं गावाकडं घेऊन गेली. दोन दिवसांनी उदगीरच्या डॉक्टरनं पू बघितला आणि जिभेचा पुढचा भाग कापून टाकला.

टँकर गावात गुरुवारी आला. महादेवीनं ड्रायव्हरला विचारलं, सायबांनी पुरवंताचं गाव म्हणून पाठवला का? ड्रायव्हर हसला. यादी सप्ताहाच्या आधीच्या शनिवारीच निघाली होती आणि गावाचं नाव तिच्यात तेव्हापासून होतं. यादी लातुरात ज्यांनी आधी बघितली, त्यात मडिवाळप्पा शेठ होते. गावानं मात्र वेगळाच हिशेब लावला. पुरवंतानं लातुरात तमाशासारखं शस्त्र केलं, देव कोपला, म्हणून श्रावणही कोरडा गेला. टँकरच्या रांगेत महादेवीची घागर मागं सारायला लागले.

चैत्रात पालखीपुढं संगप्पाच्या धाकट्या भावाला, बसलिंगला, उभं केलं. मी मुद्दाम गेलो होतो. संगप्पा देवळाच्या भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही गालांवर खड्डे. बसलिंग चांगला म्हणत होता, पण यज्ञ मोडायच्या जागी अडकला. संबळ वाजतच राहिलं. बायांच्या घोळक्यातून महादेवीचा आवाज आला. पुढची ओळ तिनं म्हटली, मग त्याच्या पुढची. वीस वर्षं नवऱ्याचं पाठांतर ऐकून तिला अख्खं वडप येत होतं.

"बाईमाणसानं वडप म्हणायचं?" कुणीतरी ओरडलं. "आधी नवऱ्यानं देव विकला, आता ही विटाळायली!"

संगप्पा उठला. मला वाटलं तो त्या माणसाच्या अंगावर जाईल. तो घोळक्यात शिरला, महादेवीचा दंड धरला आणि तिच्या तोंडात मारली. मग आणखी एकदा. तोंडातून त्याच्या नुसता घरघर आवाज येत होता. तिला ओढत तो घराकडं घेऊन गेला. कुणी अडवलं नाही. म्हातारे म्हणाले, बरं केलं.

मी मागून गेलो. दारात महादेवी ओठ पुसत बसली होती. तो आत, भिंतीकडं तोंड करून.

"गुरुजी, जावा तुमी," ती म्हणाली. "त्यांना लाज वाटायली."

पुढच्या वर्षी ती पालखीला गेली नाही. बसलिंग त्या जागी परत अडकला, आणि अडकलेला तुकडा सोडून सरळ शस्त्रावर आला. लोकांनी हर हर म्हणत हात जोडले. तुकडा गाळला हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.