बुटाच्या खोक्यातलं चिनी औषध

जीवराम पाटलाचा घसा भरितानं बसला, असं सुनंदाबाईचं म्हणणं. जीवराम म्हणायचा, थंडीनं बसला. म्हणायचा म्हणजे पाटीवर लिहायचा, कारण तोंडातून आवाजच निघत नव्हता. आणि सुनंदाबाईला वाचता येत नव्हतं. त्यामुळे त्या पंधरवड्यात नवरा-बायकोचा एकूणएक वाद तिनंच जिंकला.

सावद्याकडच्या एका केळीच्या गावातला हा जीवराम. शाळा चौथीपर्यंत, पुढची विद्या किराणा बांधून येणाऱ्या कागदांवरून मिळवलेली. जमीन बेताची, पण आवाज पाच गावांना पुरेल एवढा. मोर्चा कुणाचाही असो, कशासाठीही असो, घोषणा द्यायला जीवरामच लागायचा. तो मूठ वर करून 'मिळाल्याच' म्हणाला की मागची दोनशे माणसं आपल्याला काय हवंय ते न विचारता 'पाहिजेत' म्हणायची.

छप्पन सालच्या मार्गशीर्षात गावाला वॅगनी हव्या होत्या. केळी वाढली होती, मालगाडीला जोडायच्या वॅगनी तेवढ्याच होत्या, आणि घड बांधावर पिकून चालले होते. स्टेशनवर मोर्चा न्यायचा ठरला. ठरलं ते बागेतल्या भरिताच्या पार्टीत. थंडी पडली की आमच्याकडे सगळे निर्णय भरितावरच होतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली होती, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर कुटली होती, आणि कळण्याच्या भाकरी घेऊन पंगत बसली होती. तिथं पितांबर म्हणाला, "जीवरामभाऊ, मिरची तुम्हाले सोसत नाही वाटते आताशी."

या पितांबरचा आवाज म्हणजे दुसऱ्याच्या बागेत चुकलेलं करडू. पण घोषणा आपण द्याव्या ही त्याची जुनी हौस. जीवराम कशाला ऐकून घेतो. त्यानं कच्ची मिरची उचलली, खाल्ली, आणि घोषणा दिली. दुसरी खाल्ली, दुसरी घोषणा. उघड्यावर दव पडत होतं, हा डोक्याचा रुमाल काढून ओरडत होता. सातव्या मिरचीनंतर तोंड उघडलं ते नुसता वारा निघाला.

मोर्चा पंधरा दिवसांनी, गुरुवारी. तोवर आवाज आला नाही तर घोषणा पितांबर देणार, हे तिथंच पंगतीत ठरलं. जीवरामला भरीत कडू लागलं.

दुसऱ्या सकाळी सुनंदाबाईनं काढा केला. ठेचलेलं अद्रक, वाळली बोरं, दालचिनीची काडी, जेष्ठमध. तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईस्तोवर उकळला आणि पुढं ठेवला. पण जीवरामची पंचाईत अशी की दसऱ्याला चावडीवर उभं राहून त्यानंच भाषण ठोकलं होतं, "चुलीवरचे काढे बंद करा, अडाणीपणा सोडा, शास्त्रानं चाला." आता बायकोचा काढा प्यायचा तर चावडीला काय तोंड दाखवायचं? तो वाटी घेऊन मागच्या दारी जायचा आणि केळीच्या बुडाशी ओतायचा. त्या केळीला त्या हिवाळ्यात एकदाही शिंक आली नाही.

त्याचा जीव अडकला होता चिनी औषधात. दोन वर्षांपूर्वी जळगावच्या एका सभेत त्यानं 'हिंदी-चिनी भाई-भाई' घोषणा दिली होती. ती अर्धीअधिक आपल्यामुळेच खरी झाली अशी त्याची समजूत. मग भावाचं औषध घ्यायला लाज कसली? केळीच्या वॅगनीबरोबर दिल्लीला जाणारा रुपचंद हा धुळ्याकडचा माणूस. त्यानं कधीतरी सांगितलं होतं की तिथं एका चिन्याचं बुटांचं दुकान आहे, आणि मागच्या खोलीत त्याचा म्हातारा बाप जडीबुटीची औषधं देतो. जीवरामनं पाटीवर सगळं लिहून रुपचंदला गाडीत बसवलं.

रुपचंद परत आला तो मोर्च्याच्या आधीच्या सोमवारी. काखेत बुटाचं खोकं.

"जीवरामभाऊ, बठ्ठं लई उनू," खोकं पुढं करत तो आपल्या अहिराणीत म्हणाला. "म्हताराले तुनी बठ्ठी हकीगत हात करी करी सांगी. त्यानी नाडी धरी, जीभ दखी."

जीवरामनं लिहिलं, 'कोणाची?'

"मनी. तू कोठे व्हता तठे?"

खोक्यात चार पुड्या होत्या, लाल कागदात गुंडाळलेला एक चिखलाचा गोळा होता, आणि चिनी अक्षरांची एक चिठ्ठी होती. जीवरामनं चिठ्ठी सुलटी पाहिली, मग उलटी पाहिली. कागदावरून विद्या मिळवलेल्या माणसाला कागद वाचता येत नाही म्हणणं जड जातं. त्यानं पाटीवर 'समजलं' असं लिहिलं, खोकं ओट्यावर ठेवलं आणि तो मोर्च्याच्या बैठकीला गेला. गप्प बसायला, पण गेला.

घरी होते निंबा आबा, जीवरामचे वडील. पंचाहत्तरी गाठलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यांचं काम बोटं करायची. बोटांना लाल कागदातला गोळा लागला. वरून चिखल, आत कंद, कंदाला डोळे. आता केळीवाल्या माणसाला तुम्ही परगावाहून चिखल थापलेला कंद पाठवलात, तर त्यानं काय समजायचं? वाटेत सुकू नये म्हणून बेणं असंच बांधून येतं. आबांनी परसात हातभर खड्डा घेतला, शेणखत घातलं, निंबोळीची पेंड घातली, कंद लावला, माती दाबली, वर दोन बादल्या पाणी घातलं आणि भोवती बाभळीचे काटे रोवले.

जीवराम परतला तेव्हा आबा हात धूत होते.

"लावला," ते म्हणाले. "डोळा वरच्या अंगाले ठेवला. तू काळजी नको करू."

जीवरामनं पाटीवर लिहिलं, 'ते औषध होतं.' आबांच्या नाकापुढं धरली, आबांना दिसेना. सुनंदाबाईपुढं धरली, तिला वाचता येईना. मग तो खड्ड्याकडं बोट करून, घशाला हात लावून नाचायला लागला.

"काय म्हनतो तो?" आबांनी सुनेला विचारलं.

"ते म्हनता, पानी कमी पडलं."

आबांनी आणखी एक बादली ओतली. "अन् घड याले सात महिने तरी लागतीन म्हना. घाई केली तं कंद सडतो."

दिवस कलायच्या आत अर्धं गाव चिनी केळ पाहायला आलं. पितांबर काट्यांपाशी उकिडवा बसला. "आबा, गुरुवारपर्यंत उगवन का?"

"गुरुवारी कसं उगवन? घड आखाडात पाह्य."

"म्हंजे मोर्चा गुरुवारी अन् औषध आखाडात," पितांबर म्हणाला आणि खडीसाखर चघळत, घसा खाकरत निघून गेला. ते खाकरणं जीवरामला फार लागलं.

मंगळवारी सकाळी आबा आंघोळीला बसले तशी त्यानं कुदळ उचलली. चौथ्या घावाला कंद दुभंगला आणि नाकाशी वास आला. वास ओळखीचा. तेरा दिवस रोज सकाळी वाटीतून मागच्या दारापर्यंत त्याच्या सोबत चालत आलेला. त्यानं वाकून पुन्हा एकदा हुंगलं.

सुनंदाबाई खराटा टाकून आली. तिनं तुकडा उचलला, बादलीत खळबळला, चिखल गेला. "हे अद्रक हाये," ती म्हणाली.

मग तिनं खोकं आणून ओट्यावर पुड्या सोडल्या. पहिलीत वाळली बोरं, आपल्या बोरांपेक्षा जरा मोठी आणि लाल. दुसरीत दालचिनी. तिसरीत जेष्ठमध. चौथीत कसल्याशा मुळाच्या पांढऱ्या चकत्या, त्या मात्र तिलाही ओळखू आल्या नाहीत.

"दिल्लीले गाडी गेली," ती शांतपणे म्हणाली. "रुपचंदभाऊची जीभ दाखवली. अन् बठ्ठं माझ्या फडताळात व्हतं."

जीवरामनं लिहिलं, 'पण प्रमाण वेगळं असेल.' तिनं पाटी त्याच्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि काढ्याच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवली.

"या चकत्या नाही टाकाच्या. जे वळखू येत नाही ते पोटात नाही. आता दोन दिवस बोलाचं नाही, कुजबुजाचं नाही, लिवाचं नाही. काढा मागच्या दारी नाही, माझ्यासमोर प्याचा, वरून ऊन ऊन पेज प्याची अन् गोधडीत पडाचं. अन् बरे झाले तं चार मान्सांत सांगाचं, कोनाच्या काढ्यानं झाले ते. चावडीवर बोलले व्हते ना, तितक्याच मोठ्यानं."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मागच्या दारची केळसुद्धा.

जीवराम दोन दिवस गोधडीत पडून राहिला. काढा प्याला, पेज प्याला, घामाघूम झाला. बाहेर पहाऱ्याला आबा. कुणी भेटायला आलं की सांगायचे, "चिनी केळीचं नुकसान झालं. पोऱ्यानं मनाले लावून घेतलं."

गुरुवारी मोर्चा निघाला. जीवराम पुढं, तोंडाला रुमाल, एक शब्द नाही. शेजारी पितांबर, तोंडात खडीसाखर. मागं दोनशे माणसं, त्यांत काठी टेकत आबा, आणि बायकांच्या घोळक्यात सुनंदाबाई. स्टेशन आलं. स्टेशनमास्तर मफलर गुंडाळून दारात येऊन उभे राहिले. पितांबरनं खडीसाखर थुंकली आणि मूठ वर नेली.

तेवढ्यात जीवरामनं रुमाल सोडला. "वॅगनी मिळाल्याच–"

आवाज असा फुटला की फलाटावरचे कावळे उडाले. "पाहिजेत!" दोनशे माणसं म्हणाली. पितांबरची मूठ वरच राहिली. खाली आणायची तर काहीतरी करायला हवं, म्हणून तो करडाच्या आवाजात ओरडला, "चिनी औषधाचा–"

"विजय असो!" लोक म्हणाले. त्यांना सवयच तशी.

जीवरामनं मागं पाहिलं. सुनंदाबाई हाताची घडी घालून उभी होती. त्याच्याकडंच पाहत होती. चावडी आठवली, दसरा आठवला, मागच्या दारची केळ आठवली. न बोलावं तर संध्याकाळी घरीच जायचं होतं. जीवरामनं डोळे मिटले, मान मागं टाकली आणि होता नव्हता तो सगळा आवाज काढला.

"सुनंदाबाईच्या काढ्याचा–"

"विजय असो!"

तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा आबाही म्हणाले, कशाचा ते न समजता.

स्टेशनमास्तरांनी मागण्यांचा कागद घेतला. वाचता वाचता तीनदा शिंकले. "वॅगनींचं मी वर कळवतो," ते बसक्या आवाजात म्हणाले. "ते माझ्या हातात नाही. पण हा काढा… तो कुणाच्या हातात आहे?"

सुनंदाबाई पुढं आली. "देते करून. पन साहेब, दोन दिवस बोलाचं नाही."

मास्तरांनी मोर्च्याकडं पाहिलं, जीवरामच्या उघड्या तोंडाकडं पाहिलं.

"मी नाही बोलत, बाई," ते म्हणाले. "यांना तेवढं सांगा."